लग्न मेमध्ये आहे

कांजूरमार्ग,
३ फेब्रुवारी १९८६

ताई,

पत्राच्या डोक्यावर जे लिहायची पद्धत आहे ते सगळं लिहिलंय असं समज. आईच्या तेराव्याला आपण दोघी एका पंगतीत बसलो आणि एकमेकींशी बोललो नाही. त्यानंतर आज लिहिते आहे. भांडण मिटवायला नाही. एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

आईला नेमकं काय झालं होतं?

तू तेव्हा सगळ्यांना सांगितलंस, छातीत कफ साचलाय. मी तिला मुंबईला न्यायला आले, तर तू दारात आडवी उभी राहिलीस. "ती खंय जावची नाय." एवढंच. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. एवढ्या उकाड्यात पदर गळ्यापर्यंत ओढलेला. खोलीत डेटॉलचा वास होता, आणि त्याच्याखाली आणखी एक वास होता. मी विचारलं तर म्हणालीस, माळ्यावर उंदीर मेला असेल. मी त्याच संध्याकाळच्या एसटीने परत आले. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

पण आता डॉक्टर विचारतात. आई, मावशी, बहीण, कुणाला छातीत गाठ होती का? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "आई कशाने गेली हे तुम्हाला माहीत नाही?" मला लाजही वाटली आणि तुझा रागही आला.

माझं काही विशेष नाही. छोटी गाठ आहे, तपासायला दिली आहे. तू गावात कुणाजवळ बोलू नकोस. आमच्या क्षमाचं लग्न ठरलंय, ते तुझ्या कानावर आलं असेल. मुलगा घाटकोपरचा, चंद्रप्रकाश नाव, टेलिफोन खात्यात आहे. साखरपुडा झाला, लग्न मेमध्ये आहे. अशा वेळी घरात नसती चर्चा नको.

उत्तर पाठव. पोस्टकार्डावर नको.

रत्नप्रभा


१७ फेब्रुवारी १९८६

ताई,

तू लिहिलं नाहीस, नवऱ्यालाच पाठवलंस. भावजी काल आले. आमसुलं दिली, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. भांडुपला भावाकडे आलो होतो, म्हणाले. मग हे बिडी ओढायला गॅलरीत गेले, तसे भावजी खाली बघून बोलायला लागले. त्यांना ते तोंडातून काढणं किती जड गेलं ते मी बघत होते. पुरुषमाणूस, मेव्हणीशी असलं बोलायचं म्हणजे.

ते म्हणाले, "आवशीन तुझ्या ताईक शपथ घातलली. रत्नाक कळता नये म्हणान. रत्नाक चेडू आसा. उद्या सोयरीक जुळवताना लोक इचारतले, ह्यांच्या घरात काय आसा? आपल्यापायी नातीचा लगीन मोडाक नको, असा ती म्हणा होती."

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. गाठ फुटली होती. तू रोज सकाळी दार लावून जखम धूत होतीस आणि ते पाणी विहिरीपासून लांब नेऊन ओतत होतीस. शेवटी शेवटी आईला श्वास घ्यायला उशीवर बसवून ठेवावं लागायचं. मालवणातल्या मावशीचंही तेच झालं होतं, आणि आईला ते माहीत होतं.

ते गेल्यावर मी काही काम केलं नाही. 

म्हणजे आईला माझ्याकडे यायचं होतं की नव्हतं, हे मला आता कधीच कळणार नाही. तू दार अडवलंस ते तिच्या सांगण्यावरून. राग गेला का म्हणशील, तर नाही गेला. तू मला एका बाजूला नेऊन सांगू शकली असतीस. मी काय गावभर ओरडत फिरले असते?

आता माझं ऐक. गेल्या पत्रात मी लिहिलं की गाठ तपासायला दिली आहे. ते खरं नव्हतं. ते पत्र लिहिलं तेव्हा माझं ऑपरेशन झालेलं होतं. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात. उजवी बाजू सगळी काढली, काखेतल्या गाठीसुद्धा. घरी आले तेव्हा बरगडीजवळून एक नळी बाहेर काढलेली होती आणि तिला बाटली लावलेली. ती बाटली पदराखाली घेऊन मी चाळीच्या जिन्याने वर आले. समोरून शेजारीण आली. तिला म्हटलं, पित्ताचे खडे होते, काढले. घाटकोपरलाही हेच सांगितलंय. ह्यांनीच ठरवलं, काय सांगायचं ते. क्षमाला मात्र खरं सांगितलं. ती मोठी आहे, नोकरी करते, तिच्यापासून किती लपवणार.

भावजींना मी ऑपरेशनचं सांगितलं नाही. तू सांग किंवा सांगू नकोस.

रत्नप्रभा


२६ फेब्रुवारी १९८६

ताई,

तुझं पत्र मिळालं. तू विचारतेस, दुखतं का. दुखतं त्यापेक्षा चमत्कारिक वाटतं. कातडी ओढल्यासारखी, आणि जिथे काही नाही तिथे खाज येते. हात खांद्याच्या वर जात नाही. रोज भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं चालवत वर न्यायची. परवा स्विचपर्यंत गेली. पोलक्यात आधी कापूस भरून बघितला, तो सरकून वर यायचा. मग मांजरपाटाची पिशवी शिवून त्यात नाचणी भरली. वजन बरोबर बसलं. क्षमाने लांबून बघितलं आणि म्हणाली, "कळत नाही, आई." मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. सोमवारी टाके बघायला गेलो होतो. हे बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, जखम चांगली भरली, आता केमोथेरपी सुरू करायची. इथे सगळे किमोच म्हणतात. काखेतल्या गाठींत सापडलंय म्हणून द्यावंच लागेल. सलाइनमधून देतात, तीन आठवड्यांनी एकदा, असं बरेच महिने. उलट्या होतील, तोंड येईल, केस जातील. डॉक्टरांनी सगळं सरळ सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही.

ह्यांनी विचारलं, "मे महिन्यानंतर सुरू केलं तर चालेल का?"

डॉक्टर म्हणाले, "का?"

"मुलीचं लग्न आहे."

डॉक्टरांनी कागदावरून डोकं वर केलं. म्हणाले, "चालणार नाही. आजार तारीख बघून थांबत नाही. मी दहा मार्च लिहितो. यायचं की नाही ते तुमच्या हातात."

वाटभर हे तो कागद घडी करून खिशात घालत राहिले, परत काढत राहिले.  घरी आल्यावर मला म्हणाले, "रत्ना, दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न आहे. गाठ तर काढलीय. आता जे द्यायचं ते वरचं औषध. तू तुळतुळीत डोक्याने मांडवात उभी राहिलीस तर त्या बायका काय समजायचं ते समजतील."

मी म्हटलं, "डॉक्टर नाही म्हणाले."

"डॉक्टरांना मुलगी नसेल."

त्यांना दोष देऊ नकोस, ताई. गिरणी बंद पडल्यापासून ह्या माणसाने कारखान्याच्या गेटवर रात्रपाळ्या केल्या, पण क्षमाचं कॉलेज सोडायला लावलं नाही. हे लग्न म्हणजे इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला लागलेली एकच चांगली गोष्ट आहे. चार माणसांत त्यांची मान वर झालीय.

क्षमा भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकलं. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, मेपर्यंत थांबलं तर खरंच काही होतं का गं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

ती वाईट मुलगी नाही. तिला चंद्रप्रकाश आवडतो. शनिवारी दोघं भेटतात, ती घरी येते तेव्हा तिचा चेहरा वेगळा असतो. तिने जे विचारलं ते तिच्या वयाला मीही विचारलं असतं. पण ती विचारून गेली आणि मला आई दिसायला लागली, भिंतीकडे तोंड केलेली. तिलाही कुणी विचारलं नसेल. तिने आपणच ठरवलं आणि पदर ओढून घेतला. आणि ते कुणासाठी केलं? ह्याच क्षमाच्या लग्नासाठी. तेव्हा ही पोरगी अकरावीत होती.

काय करू ते मला कळत नाही. तू काही सांगू नकोस. नुसतं लिहून मोकळं वाटलं.

रत्नप्रभा


८ मार्च १९८६

ताई,

ठरवलं. आणि जे व्हायचं ते झालं.

औषध सुरू करायच्या आधी दात बघून घ्यायला सांगितलं होतं. नंतर दात काढता येत नाही, रक्त थांबत नाही, जंतू जातात. म्हणून किडक्या दोन दाढा काढून आले. गाल सुजला. मग रक्त तपासलं. हॉस्पिटलातल्या सिस्टरने सांगितलं, केस आताच बारीक कापून घ्या बाई, म्हणजे पुंजके हातात येतात तेव्हा धसका बसत नाही. मी म्हटलं, बघू. वेणी घालताना हात वर जात नव्हता, क्षमाच घालून देत होती. कापायला तिला सांगायचं धाडस होत नव्हतं.

रविवारी जानकीबाई आल्या. चंद्रप्रकाशची आई. लग्नाच्या साड्यांचं बोलायला, एकट्याच. हे ड्युटीवर, क्षमा बाजारात. बाई चांगल्या आहेत, हे मी आजही म्हणते. तरुणपणी नवरा गेला, शिवणकाम करून मुलगा वाढवला. मी फळीवरून साखरेचा डबा काढायला डावा हात लावला तर म्हणाल्या, "विहीणबाई, पित्ताच्या ऑपरेशनला हात कशाला धरतो हो? आणि गालाला काय झालं?" काळजीनेच विचारलं त्यांनी.

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. ह्यांनी पढवलेलं. मी डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "पित्ताचं नव्हतं. छातीचं होतं. कॅन्सर. उजवी बाजू काढली. दहा तारखेपासून औषध सुरू होणार, त्याने केस जातील. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी सांगते."

मी चहात साखर घालून कप त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "तुमच्या घरात आणखी कुणाला?"

इथे मी थांबू शकले असते. हे नंतर तेच म्हणाले, तिथे तरी थांबायचं होतंस. पण निम्मं सांगून निम्मं पोटात ठेवायचं तर मग सांगायचंच कशाला? मी म्हटलं, "आईला होतं. मावशीलाही होतं."

"म्हणजे हे आईकडून मुलीला येतं?"

"येऊ शकतं. येईलच असं नाही."

"क्षमाला?"

"येईलच असं नाही," मी परत म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्यांनी चहा संपवला. टाकला नाही, संपवला. कप मोरीत नेऊन विसळून ठेवला. चपला घालताना म्हणाल्या, "मला एकच मुलगा आहे हो." मग दारात थांबून म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते तर सांगितलं नसतं." त्या चिडून बोलल्या नाहीत. अगदी खरं ते सांगावं तसं सांगितलं.

शुक्रवारी मध्यस्थ आले. मुलाच्या मामांनी पत्रिका पुन्हा बघितली, त्यात काही दोष निघाला. हे एकदम खुर्चीवर बसले.  ते गेल्यावर मला म्हणाले, "गिरणी गेली तेव्हा मी तुझ्यासमोर कधी डोळ्यांत पाणी आणलं नाही." आणि मग तोंडावर टॉवेल धरून बसले. मी जवळ गेले तर हाताने लांब केलं.

क्षमा कामावरून आली. तिला मी सांगितलं, कारण सांगायचं मलाच होतं. तिने पर्स खुंटीला लावली. म्हणाली, "तू मला आधी विचारायला हवं होतंस."

मी म्हटलं, "विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"ते आता कुणाला कळणार?" ती म्हणाली.

आज सकाळी ती घाटकोपरला जाऊन चंद्रप्रकाशला अंगठी देऊन आली. त्याचं तिचं काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. आल्यावर तोंड धुतलं, कात्री घेतली आणि माझ्यामागे येऊन बसली. "सिस्टरने कापायला सांगितलेत ना?" एवढंच. वेणी मुळाशी बांधून कापली, मग बाकीचे सरळ केले. मानेवर तिची बोटं थंडगार लागत होती. आरशात मी कुणी भलतीच बाई दिसत होते. तिने जमीन झाडली, केस कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले आणि जेवायला न बसता झोपून गेली.

ताई, मी बरोबर केलं असं मला वाटत नाही. चूक केलं असंही वाटत नाही. आईने जे केलं ते मला करायचं नव्हतं. त्याचे पैसे क्षमाच्या खिशातून गेले.

परवा दहा तारीख. कोण बरोबर येणार हे अजून कुणी म्हटलेलं नाही.

रत्नप्रभा


१४ मार्च १९८६

ताई,

अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे. आज पहिल्यांदा पेज पोटात राहिली.

सोमवारी सकाळी मी चपला घालत होते, तर क्षमा साडी नेसून दारात उभी. मी म्हटलं, "ऑफिसला?" म्हणाली, "नाही." आणि माझी पिशवी उचलली.

तिथे एका लांब खोलीत खाटा आहेत. सुई डाव्या हाताला लावली, उजव्या हाताला आता कधीच सुई लावायची नाही म्हणतात. एक औषध लाल रंगाचं आहे, पळीतल्या कुंकवाच्या पाण्यासारखं. ते नळीतून हातात शिरताना दिसतं. मी तिकडे बघितलं नाही, छताकडे बघत राहिले. शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडची बाई होती, तिची चौथी खेप. डोक्याला रुमाल. मला म्हणाली, "पहिल्या खेपेला भ्या वाटतं. नंतर नुसता कंटाळा येतो." तिच्याबरोबर कुणी नव्हतं.

डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. माझी नाडी बघितली, निघाल्या. तेवढ्यात क्षमा स्टुलावरून उठली.

"डॉक्टर, माझ्या आजीला होतं. आईला आहे. माझी तपासणी कधीपासून करायची?"

मी हातातली सुई विसरून उठायला लागले. सिस्टरने खांद्याला धरून परत निजवलं. बाईंनी तिचं वय विचारलं, म्हणाल्या, आताच या. दोघी पडद्यामागे गेल्या. ताई, ऑपरेशनच्या दिवशी भीती वाटली नव्हती तेवढी मला तेव्हा वाटली. ते लाल औषध जात होतं आणि मी पडद्याच्या खालून दिसणाऱ्या तिच्या पायांकडे बघत होते. पाय हलत नव्हते.

ती निऱ्या नीट करत बाहेर आली. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही सापडलं. दर महिन्याला आपलं आपण कसं बघायचं ते शिकवलं. वर्षातून एकदा इथे यायचं." मग स्टुलावर बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. लग्न मोडल्यावर ती रडली नव्हती. मी डावा हात हलवू शकत नव्हते, म्हणून उजवा पुढे केला. तो तिच्यापर्यंत पोचला नाही. तिने बघितलं, पण स्टूल पुढे घेतलं नाही.

घरी येईपर्यंत उलट्या सुरू झाल्या होत्या. दोन दिवस त्या थांबल्या नाहीत. पोटात काही नसलं तरी येत होत्या, हिरवं कडू पाणी. लघवी लाल झाली, रक्तच वाटलं, पण ते औषधाचा रंग असतो. क्षमाने घमेलं धरलं, तोंड पुसलं. हे ड्युटीवरून येऊन घमेलं मोरीत धुऊन ठेवत. माझ्या कापलेल्या केसांकडे बघायचं टाळतात. मोसंबी आणतात आणि सोलून ठेवतात, मला वास सहन होत नाही ते सांगवत नाही. अशी एकच खेप झालीय, ताई. पुढच्या वेळी मी जाईन की नाही, हे बुधवारी मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. आज म्हणते, जाईन.

काल दुपारी क्षमा पाणी द्यायला आली. पहिल्यांदा आपणहून बोलली.

"आजीची गाठ केवढी होती तेव्हा तिला कळलं?"

"मला माहीत नाही. तुझ्या मावशीला माहीत."

"मावशीने स्वतःला कधी दाखवलंय?"

 माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस मी तुला आईचं विचारत होते, माझं सांगत होते. तू माझ्यापेक्षा मोठी आहेस. त्याच आईची आहेस.

तुझ्या मागच्या पत्रात तू सगळं लिहिलंस. गाय व्यायली ते, भावजींचा गुडघा. स्वतःबद्दल एक ओळ नव्हती. मी ते पत्र क्षमाला वाचायला दिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "मावशीला बोलाव."

तुझ्या छातीत काही आहे का, हे मी पत्रात विचारत नाही. असेल तर तू लिहिणार नाहीस, आणि नसेल तर तू नाही म्हटलंस तरी माझा विश्वास बसणार नाही. दार लावून घेऊन बसू नकोस. आमच्या घरात आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, जे मोडायचं होतं ते मोडून झालंय, तेव्हा कुणाच्या लग्नाची काळजी करू नकोस.

भावजींना घेऊन निघ. कुर्ल्याला नेहरूनगरच्या डेपोत उतरा. कुठल्या गाडीने येताय ते दोन ओळींत कळव, पोस्टकार्डावर लिहिलंस तरी चालेल. क्षमा घ्यायला येणार आहे, तिने स्वतःच म्हटलंय. ती फार बोलणार नाही, तिला तसंच राहू दे. सामान तिच्या हातात दे आणि ती नेईल तिकडे जा. आधी हॉस्पिटल, मग घर.

रत्नप्रभा